निस्सीम इझिकेल : इंग्रजीचे अध्ययन आणि भाषेची निवड

स्वातंत्र्योत्तर भारतीय इंग्रजी कवितेला आधुनिक वळण देणारा कवी म्हणून निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) यांचे स्थान आता वादातीत झाले आहे. मराठीच्या अभ्यासकाने त्यांच्या चरित्राकडे वळावे, याचे कारण मात्र या स्थानापेक्षा निराळे आहे. जिची मातृभाषा कित्येक पिढ्या मराठी आहे, जिने मराठीत कीर्तने रचली आणि आपले धर्मग्रंथ मराठीतून समजून घेतले, अशा एका लहानशा जमातीत हा कवी जन्मला. तो मुंबईत वाढला, मुंबईतच मरण पावला आणि त्याच्या कवितेचा मोठा भाग मुंबईविषयीच आहे. तरीही त्याने मराठीत कविता लिहिली नाही. ही घटना आपण एक तर अनुल्लेखाने संपवितो, किंवा इंग्रजीत लिहिणारा तो परका असा निकाल देऊन मोकळे होतो. या दोन्ही वाटा सोयीच्या आहेत. इझिकेलांचे जीवन क्रमाने पाहिले, तर भाषेची ही निवड एका दिवसात किंवा एकट्या व्यक्तीने केलेली नव्हती, हे ध्यानात येते. तिची पूर्वपीठिका शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे आणि ती एका ख्रिस्ती महाविद्यालयाच्या इतिहासात गुंतलेली आहे.

बेने इस्राएल ही कोकणातील यहुदी जमात. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले आणि वाचलेल्या मोजक्या स्त्रीपुरुषांपासून आपला वंश वाढला, अशी या जमातीची परंपरागत श्रद्धा आहे. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, गावागावांतून ही कुटुंबे तेल गाळण्याचा व्यवसाय करीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. किहीम, पेण, राजपुरी अशा गावांवरून त्यांची आडनावे पडली. हिब्रू भाषा विस्मृतीत गेली होती. काही प्रार्थना आणि विधी तेवढे उरले होते. बोलणे, रडणे, ओव्या, म्हणी हे सारे मराठीत होते.

ही विस्मृत हिब्रू त्यांना परत मिळवून देण्याच्या कामात ज्यांचा वाटा होता, त्यांत एक स्कॉटिश मिशनरी होते : डॉ. जॉन विल्सन. १८३२ साली त्यांनी मुंबईत ज्या शाळेचा पाया घातला, तिचेच पुढे विल्सन महाविद्यालय झाले. त्याच वर्षी त्यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक मराठीत सिद्ध केले आणि ते बेने इस्राएलांना डोळ्यांपुढे ठेवून केले. मिशनरींचा हेतू धर्मांतराचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. परिणाम मात्र उलटा झाला. मिशनच्या शाळांतून शिकलेले बेने इस्राएल बहुतांशी ख्रिस्ती झाले नाहीत. ते अधिक डोळस यहुदी झाले. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने हरिदासी पद्धतीने, टाळ-मृदंगाच्या साथीने मराठीत रंगू लागली. आपल्या वाङ्मयेतिहासांत या कीर्तनांना जेमतेम एखादी ओळ मिळते, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

अशा रीतीने विल्सन आणि बेने इस्राएल यांचे नाते इझिकेलांच्या जन्मापूर्वी ९२ वर्षे जुळले होते, आणि ते जुळले होते ते मराठीच्या द्वारे. विसाव्या शतकात त्याच संस्थेने त्याच जमातीच्या एका मुलाच्या हाती इंग्रजी दिली. मधल्या काळात मुंबईतील सुशिक्षित बेने इस्राएल कुटुंबे नोकरीपेशात आली होती. रेल्वे, टपाल, रुग्णालये, शाळा ही त्यांची क्षेत्रे झाली होती आणि त्या सर्व क्षेत्रांची भाषा इंग्रजी होती.

निस्सीम यांचा जन्म १६ डिसेंबर १९२४ रोजी मुंबईत झाला. (हिब्रूत या नावाचा अर्थ चमत्कार असा होतो, मराठी कानाला ते आपल्याच संस्कृतोद्भव शब्दासारखे वाटते, हा निव्वळ योगायोग.) वडील मोझेस इझिकेल हे विल्सन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, आई डायना स्वतःची शाळा चालवीत. पाच भावंडांच्या या घरात शिक्षण हीच मालमत्ता होती. घरातील बोलण्याची मुख्य भाषा इंग्रजी होती. मराठी दाराशी होती, रस्त्यावर होती, आजूबाजूच्या नातेवाइकांत होती. वाचनाच्या खोलीत ती नव्हती. कवीच्या भाषेचा निर्णय वाचनाच्या खोलीत होत असतो, असे माझे मत आहे.

याच घरातील एक मुलगी, लिली, मात्र वेगळ्या वाटेने गेली. आत्माराम भेंडे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या आशा भेंडे झाल्या आणि मराठी रंगभूमीवर त्यांनी नाव मिळविले. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक म्हणूनही त्या परिचित होत्या. एकाच आईबापांच्या दोन अपत्यांपैकी एक मराठी नाटकाची झाली आणि दुसरे इंग्रजी कवितेचे झाले. म्हणून मराठीशी असलेला या कुटुंबाचा धागा तुटला होता असे म्हणता येत नाही. पुढे इझिकेलांनी आपला भाचा नंदू भेंडे याच्यासाठी इंग्रजी गीते लिहिली. ती १९६९ च्या सुमाराची आहेत. मराठी नाट्यकुटुंबातील मुलगा रॉक संगीत गातो आणि त्याचा मामा त्याला इंग्रजीत शब्द पुरवितो, हे मुंबईचे चित्र आपल्या समीक्षेच्या चौकटीत अजून नीटसे बसलेले नाही.

निस्सीम यांचे शालेय शिक्षण भायखळ्याच्या आंतोनियो डिसूझा हायस्कूलमध्ये, म्हणजे कॅथॉलिक शाळेत, झाले. वर्गात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान मुले, आणि त्यांत हा कृश यहुदी मुलगा. येशूच्या मृत्यूचा दोष त्याच्या माथी मारणारी मुले होती, मारणारीही होती. या अनुभवाचे पडसाद पुढे त्यांच्या आत्मचरित्रात्मक कवितेत उमटले. तेथेही त्यांनी गळा काढला नाही, हे विशेष. ज्या स्वरात माणूस स्वतःच्या जुन्या छायाचित्राकडे पाहतो, त्या स्वरात ते बालपण सांगतात. आपल्या दलित आत्मकथनांतील शाळा आणि ही शाळा यांची तुलना करण्याचा मोह होतो. पण तो आवरावा. येथे अवहेलना आहे, जातिव्यवस्थेचे सर्वंकष बहिष्कृतपण नाही.

त्यानंतर विल्सन. गिरगाव चौपाटीसमोरची ती दगडी इमारत १८८९ सालची. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्यासारखा धर्मशास्त्राचा प्रकांड पंडित याच महाविद्यालयाचा विद्यार्थी होता, हे लक्षात घेतले म्हणजे मिशनरी महाविद्यालयाविषयीच्या आपल्या ठोकळेबाज कल्पनांना धक्का बसतो. निस्सीम यांना हे महाविद्यालय वडिलांमुळे लहानपणापासून ओळखीचे होते. तेथे त्यांनी इंग्रजी साहित्य हा विषय घेतला आणि १९४७ साली एम. ए. ची पदवी मिळविली. परीक्षेतील उत्तम यशाबद्दल त्यांना लागू पारितोषिक मिळाले.

इंग्रजी साहित्याच्या अध्ययनाने त्यांना नेमके काय दिले? पहिली गोष्ट छंद आणि रचनेची शिस्त. इझिकेलांच्या आरंभीच्या कवितांत यमक, चरणांची मोजणी, कडव्यांचे आटोपशीर बंध यांचा ध्यास दिसतो. एलियट, ऑडन, येट्स यांच्या वाचनाचे ठसेही उघड आहेत. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. ख्रिस्ती महाविद्यालयांच्या परंपरेत बायबलचे वाचन हा शिक्षणाचा भाग असे, आणि इंग्रजी कविता तर बायबलच्या भाषांतराने ओतप्रोत भरलेली. यहुदी मुलाला आपल्याच पूर्वजांची स्तोत्रे इंग्लंडच्या राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती भाषांतरातून भेटली. आजोबांच्या पिढीला तीच आख्याने मराठी कीर्तनात ऐकायला मिळत. स्तोत्रे तीच राहिली आणि भाषा बदलली. त्यांच्याभोवतीचा समाजही बदलला. कीर्तन ऐकणारा मंडळीत बसलेला असतो, कविता वाचणारा एकटा असतो. इझिकेलांच्या कवितेतील एकाकी, स्वतःशी हुज्जत घालणारा, प्रार्थना करता करता शंका काढणारा आवाज येथून आला असावा, असे मला वाटते.

तिसरा प्रभाव महाविद्यालयाबाहेरचा. चाळीसच्या दशकात ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यात ओढले गेले. महाराष्ट्रात रॉयवादाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या मोठ्या विचारवंताला आकृष्ट केले होते. बुद्धिप्रामाण्य, व्यक्तिस्वातंत्र्य आणि जमावाच्या भावनेविषयीचा अविश्वास हा संस्कार इझिकेलांनी तेथून घेतला आणि पक्ष सोडल्यावरही सोडला नाही. त्यांच्या उपरोधाचे मूळ पुष्कळदा इंग्रजी कवितेत शोधले जाते. रॉयवादी अभ्यासवर्गांतही ते शोधायला हवे.

१९४७ हे वर्ष मराठी कवितेच्या दृष्टीनेही महत्त्वाचे. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह त्याच वर्षी आला. तेही इंग्रजीचे विद्यार्थी, इंग्रजीचे अध्यापक, इंग्लंडला जाऊन आलेले. एलियटच्या परिचयाने त्यांची मराठी हादरली आणि तिने संत-कवितेचे अभंग-ओवी हे बंध नव्याने हाताळले. मर्ढेकरांपाशी मोडण्यासाठी एक परंपरा होती. इझिकेलांपाशी इंग्रजीत अशी भारतीय परंपरा फारशी नव्हती. तोरू दत्त, सरोजिनी नायडू, अरविंद यांची कविता त्यांना जवळची वाटली नाही. म्हणून त्यांनी नकाराने सुरुवात केली : अलंकृत भाषेला नकार, गूढाला नकार, प्राचीन भारताच्या गौरवगानाला नकार. दोघांची मुंबई एकच, काळ एकच, अभ्यासविषयही एकच. यंत्रयुगातील माणसाच्या क्षुद्रतेचे दर्शन दोघांनाही झाले. मर्ढेकरांना ते विदीर्ण करते. इझिकेल त्याच्याशी मध्यमवर्गीय समजूतदारपणाने तह करतात. मर्ढेकर मोठे कवी आहेत याविषयी मला शंका नाही. पण हा तहही समजून घेण्याजोगा आहे.

एम. ए. नंतर इझिकेलांनी वर्षभर मुंबईच्या खालसा महाविद्यालयात अध्यापन केले. १९४८ च्या नोव्हेंबरात ते इंग्लंडला निघाले. बोटीचे भाडे त्यांचे मित्र, पुढे नाट्यदिग्दर्शक म्हणून कीर्ती पावलेले इब्राहिम अल्काझी, यांनी भरले. लंडनमध्ये बर्कबेक महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्ययन, भारतीय उच्चायुक्तालयात नोकरी, तळघरातील खोली आणि कायमची पैशांची चणचण अशी साडेतीन वर्षे गेली. १९५२ साली 'अ टाइम टु चेंज' हा पहिला संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते परतले, तेही मालवाहू बोटीवर डेक घासण्याचे काम पत्करून. बोट हिंदी चीनकडे शस्त्रे नेत होती. इंग्रजी कवितेचा संग्रह खिशात आणि हातात झाडू, हे दृश्य वसाहतीच्या इतिहासावरील भाष्यच म्हणावे लागेल. त्यांनी स्वतः त्याचे भांडवल केले नाही.

परत येणे हा त्यांच्या आयुष्यातील कळीचा निर्णय. त्या वर्षांत बेने इस्राएल समाज मोठ्या संख्येने नव्याने स्थापन झालेल्या इस्राएलकडे स्थलांतर करू लागला होता. कोकणातील गावे रिकामी होत होती. इंग्लंडमध्ये राहण्याचा मार्गही होता. इझिकेलांनी या दोन्ही देशांऐवजी मुंबई निवडली आणि पुढील आयुष्यात ती सोडली नाही. १९६५ साली त्यांनी व्ही. एस. नायपॉल यांच्या भारतविषयक पुस्तकाला जे उत्तर लिहिले, त्यात हीच भूमिका होती. नायपॉल यांनी पाहिलेली घाण आणि ढोंग त्यांनी नाकारले नाही. तेथे राहणाऱ्या माणसाच्या जबाबदारीने पाहायचे की येऊन जाणाऱ्याच्या तिटकाऱ्याने, एवढाच त्यांचा प्रश्न होता. हा लेख भारतीय इंग्रजी गद्यातील महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

१९५२ मध्ये डेझी जेकब यांच्याशी त्यांचा विवाह झाला. यानंतरच्या नोकऱ्यांची जंत्री लांब आहे : 'इलस्ट्रेटेड वीकली'चे संपादकीय काम, जाहिरात संस्था, नभोवाणीवरील भाषणे, 'टाइम्स ऑफ इंडिया'साठी कलासमीक्षा. १९५५ मध्ये निघालेल्या 'क्वेस्ट' या त्रैमासिकाचे ते पहिले संपादक. या नियतकालिकामागील सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या चळवळीला अमेरिकन गुप्तहेर यंत्रणेचा पैसा मिळत होता, हे १९६७ च्या आसपास उघड झाले. त्यावरून क्वेस्टमधील सर्व लेखनाला बाद ठरविणे अन्यायाचे होईल, आणि तो संदर्भ गाळून क्वेस्टचा गौरव करणेही अपुरे ठरेल.

१९६१ साली विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयात ते इंग्रजीचे विभागप्रमुख झाले आणि १९७२ पर्यंत तेथे होते. नंतर मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात आले. याच काळात ते इतरांचे कवी झाले, असे म्हणता येईल. न्यू मरीन लाइन्सवरील पी. ई. एन. च्या कार्यालयात वर्षानुवर्षे तरुण कवी आपल्या वह्या घेऊन येत आणि इझिकेल त्या ओळीगणिक तपासून देत. गीव्ह पटेल यांचा पहिला संग्रह १९६६ मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केला. १९६६–६७ मध्ये त्यांनी 'पोएट्री इंडिया' हे नियतकालिक चालविले आणि त्यात इंग्रजी कवितेबरोबर भारतीय भाषांतील कवितांच्या अनुवादांना जागा दिली. मराठीत लघुनियतकालिकांची चळवळ तेव्हा ऐन भरात होती.

त्यांच्या काव्यसंग्रहांपैकी 'दि अनफिनिश्ड मॅन' (१९६०) आणि 'दि एक्झॅक्ट नेम' (१९६५) हे माझ्या मते सर्वांत कसदार. दुसऱ्यातील विंचवाची कविता भारतभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. पावसाळी रात्री आईला विंचू चावतो, गावकरी कंदील घेऊन जमतात, पापपुण्याचा हिशेब मांडतात, बुद्धिवादी बापही औषधाबरोबर मांत्रिकाला थारा देतो, आणि वेदना ओसरल्यावर आई एवढेच म्हणते की मुलांऐवजी आपल्याला चावला हे बरे झाले. धाराशिव जिल्ह्यात, शोभेच्या दारूच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या तेरखेड्यासारख्या गावातून इंग्रजी विषय घेऊन पदवीला आलेल्या विद्यार्थ्याला वर्डस्वर्थची फुले समजावून सांगावी लागतात. ही कविता समजावून सांगावी लागत नाही. ते घर, तो कुडाचा अंधार, ती बायांची कुजबुज त्याने पाहिलेली असते. परकी असते ती फक्त भाषा, आणि ती परकी भाषा त्या घरात कशी शिरली हे पाहून तो चकित होतो. इंग्रजी कविता आपल्या घराविषयी असू शकते, हा शोध मराठवाड्यातील वर्गात ज्या कवितेने लागतो, तिला मूळ नसलेली म्हणणे मला तरी जमत नाही.

अर्थात आक्षेप गंभीर आहेत. भालचंद्र नेमाडे यांनी १९९१ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या व्याख्यानांत भारतीय इंग्रजी लेखनाच्या देशीपणाविषयी मूलभूत शंका उपस्थित केल्या. ज्या भाषेत समाजाचे जगणे चालत नाही, तिच्यात श्रेष्ठ साहित्य होणे कठीण, ही त्यामागची धारणा दुर्लक्षिण्यासारखी नाही. इझिकेलांच्या कवितेत मुंबईचा कामगार, चाळ, लोकल गाडी येते. पण त्या माणसांचे बोलणे क्वचितच येते. बोलणे आणण्याचा प्रयत्न त्यांनी केला तो भारतीय धाटणीच्या इंग्रजीतील कवितांत. निरोपसमारंभाचे भाषण, देशभक्ताची बडबड अशा त्या कविता गाजल्या. सततच्या चालू वर्तमानकाळातील त्या इंग्रजीला श्रोते हसतात. गुजराती वा मराठी माध्यमातून आलेल्या माणसाच्या इंग्रजीची ही थट्टा आहे की त्याच्याविषयीची माया, याचा निर्णय सोपा नाही. मला त्यांत दोन्ही दिसतात. वर्गात त्या वाचताना मात्र हशा पिकतो तेव्हा मागच्या बाकांवरची काही मुले गप्प असतात, हेही मी पाहिले आहे.

मराठीशी त्यांचा सर्वांत थेट वाङ्मयीन संबंध आला तो पन्नाशीत. वृंदा नाबर यांच्या सहकार्याने त्यांनी इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद केले. 'स्नेक-स्किन अँड अदर पोएम्स' हे पुस्तक १९७५ मध्ये निघाले. निवड अर्थपूर्ण आहे. इंदिराबाईंची कविता निसर्गप्रतिमांत बुडालेली, आत्ममग्न, आणि मराठीच्या घरगुती शब्दकळेवर जगणारी. इझिकेलांची कविता शहरी, विधानप्रधान, काटेकोर. स्वतःच्या कवितेत जे नाही तेच त्यांनी भाषांतरासाठी घेतले. ज्या भाषेत ते वाढले असते तर कदाचित लिहिते झाले असते, त्या भाषेकडे ते सहअनुवादकाचा हात धरून परतले. 'शेला', 'मेंदी', 'रंगबावरी' या नावांतच जे गुंतलेले आहे, ते त्यांच्या संयत इंग्रजीत उतरत नाही. विरहाची कोरडी धार मात्र उतरते.

'हिम्स इन डार्कनेस' (१९७६) या संग्रहात त्यांची आत्मचरित्रात्मक कविता आहे. तेल गाळणारे पूर्वज, शाळेतील छळ, लंडन, परतीची बोट आणि शेवटी आहे तेथेच राहण्याचा निर्धार हा सारा पट तीत येतो. शनवार तेल्यांचा घाणा भारतीय इंग्रजी कवितेत प्रथमच फिरला तो येथे. 'लॅटर-डे साम्स' (१९८२) मध्ये ते बायबलमधील स्तोत्रांकडे उघडपणे वळले. मूळ स्तोत्र समोर ठेवून आधुनिक माणसाने त्याला दिलेले उत्तर, असे त्यांचे स्वरूप आहे. दुष्टांचा नाश मागणाऱ्या स्तोत्रकर्त्याशी हा उपासक वाद घालतो. मुंबईतील आख्यानकारांनी मराठीत आणि विल्सनच्या वर्गाने इंग्रजीत जपलेली सामग्री येथे कवीने स्वतःची केली. या संग्रहाला १९८३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये पद्मश्री. समग्र कविता १९८९ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना अल्झायमरने ग्रासले. ज्याने आयुष्यभर इतरांच्या ओळींतील एकेक शब्द तोलून दिला, त्याला स्वतःच्या कविता आणि भोवतीची माणसे ओळखू येईनाशी झाली. वांद्र्याच्या एका शुश्रूषागृहात त्यांची अखेरची वर्षे गेली. भेटीला येणारे त्यांच्याच कविता त्यांना वाचून दाखवीत. ९ जानेवारी २००४ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, मुंबईतच त्यांचे निधन झाले.